हरताळाखालचा पाठ

एका ओवीबद्ध ग्रंथाच्या २१ पोथ्यांपैकी एक पोथी, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे दाखवणाऱ्या, संगणकाने काढलेल्या वंशवृक्षात कोणत्याच फांदीवर धड बसेना, तेव्हा प्रकल्पातील जीवशास्त्राच्या सहकाऱ्याने तिला ‘संकर’, म्हणजे दोन घराण्यांची सरमिसळ, ठरवून निकालात काढले. मला ते पटले नाही. मात्र माझ्याजवळही दुसरे उत्तर नव्हते.

जीवशास्त्रज्ञ जातींचे नाते लावताना वापरतात तीच आमची पद्धत. १९९८ मध्ये चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांसाठी ती वापरली गेली होती. तक्त्यात प्रत्येक पोथीला एक ओळ, प्रत्येक पाठभेदाला (पोथ्यांत शब्द वेगळे पडतात त्या जागेला) एक रकाना आणि तिथल्या प्रत्येक पाठाला एक अंक द्यायचा. शुद्ध पाठ जुळले म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण ते मूळ प्रतीतून सर्वांनाच मिळालेले असतात. नाते सांगतात ते सामायिक अपपाठ, म्हणजे नकलताना शिरलेले चुकीचे पाठ. त्यांतूनही ‘ष’च्या जागी ‘ख’ किंवा ‘व’च्या जागी ‘ब’ असले भेद आधी गाळावे लागतात, कारण वटवाघळाला आणि पक्ष्याला जसे वेगवेगळे पंख फुटले, तसे हे बदल कोणाच्याही हातून आपोआप होतात. ही चाळणी यंत्र करत नाही, आणि अनुदान देणाऱ्यांना ती कधी दिसत नाही.

शेवटी ती न बसणारी पोथीच प्रत्यक्ष पाहायला गेलो. आमच्याकडची छायाचित्रे कृष्णधवल होती. रंगीत मागितली तेव्हा संग्रहालयातून ‘अक्षर वाचता येते ना?’ असा प्रतिप्रश्न आला होता. अक्षर वाचता येतच होते. पण खिडकीच्या उजेडात पान तिरपे धरल्यावर जागोजागी पिवळा हरताळ, म्हणजे चुकलेले अक्षर झाकायला फासायचा रंग, दिसला (‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार इथलाच). त्यावर ‘सकळ’ लिहिले होते आणि थर उडाला होता तिथून खालचे ‘सफळ’ डोकावत होते. जेवढे वाचता आले तेवढे खालचे पाठ एका घराण्याचे निघाले आणि वरचे दुसऱ्याच. दोन माणसांचे हात मी तक्त्याच्या एकाच ओळीत भरले होते. संध्याकाळी त्यांच्या दोन ओळी केल्या, तेव्हा खालचा हात निमूटपणे आपल्या फांदीवर जाऊन बसला.

वरचा हात अजून छळतो आहे. चार ठिकाणी त्याचे पाठ इतर कोणत्याच पोथीत नाहीत. पेशीतही डीएनएची नक्कल होताना चूक दुरुस्त करणारी यंत्रणा असते, पण ती समोरचा धागा पाहून दुरुस्ती करते. या शोधकासमोर, म्हणजे पोथी दुरुस्त करणाऱ्यासमोर, एखादी हरवलेली प्रत होती, की त्याने स्वतःच्या बुद्धीने ओवी सावरली? अखेरच्या पानावर पोथी उतरवणाऱ्या पहिल्या लेखनिकाने ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ (जसे पुस्तक पाहिले तसेच मी लिहिले) हा नेहमीचा श्लोक लिहून हात झटकले आहेत. शोधकाने स्वतःविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही.

उरलेल्या २० पोथ्यांपैकी १३ पोथ्यांची आमच्याकडची छायाचित्रेही कृष्णधवलच आहेत.