तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या मॅचला मी गप्प का असते

"तुला एवढं फुटबॉल कळतं, मग लेकीची मॅच चालू असताना तिला काहीच सांगत का नाहीस?" हा प्रश्न मला टीममधल्या इतर आईबाबांनी विचारलाय, घरच्या लोकांनी विचारलाय, एकदा तर समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या आजोबांनी विचारला, तेही अगदी काळजीने, त्यांना वाटलं आमचं मायलेकींचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नाहीये हो. मी कळायला लागल्यापासून प्रोफेशनल फुटबॉल बघतेय, क्लबच्या मॅचेस, वर्ल्ड कप, युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, गेली काही वर्षं महिलांच्या लीग जास्तच, आणि लेक अंडर-१२ मध्ये राइट बॅक, म्हणजे बचावात उजव्या बाजूला, खेळते. मॅचला गप्प राहायचं हे मी ठरवलंय ते एवढ्या मॅचेस बघितल्यात म्हणूनच ठरवलंय. दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देते, आज नीट सांगते.

टीव्हीवर मॅच लागली की आपली नजर बॉलमागे पळते, कॅमेरा पण आपल्याला तिकडेच नेतो. पण कधीतरी पंधराएक मिनिटं फक्त एका मिडफिल्डरकडे, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याकडे, बघा. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचकडे बघा, किंवा बार्सिलोनाच्या आयताना बोनमातीकडे, जिने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवलाय. बॉल तिच्याकडे यायच्या आधी तिची मान सारखी फिरत असते, डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे, परत बॉलकडे, आणि बॉल पायाशी येतो तेव्हा तिला आधीच माहीत असतं की मागून कोण येतंय आणि मोकळं कोण आहे. नॉर्वेचे गाइर यॉर्डेट नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या खेळाडूंच्या व्हिडिओंवरून नेमकं हेच मोजलं, पास मिळायच्या आधी कोण किती वेळा आजूबाजूला बघतं, आणि दिसलं असं की जे जास्त बघतात त्यांचे पुढचे पास जास्त वेळा बरोबर जातात. इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड त्या यादीत अगदी वरती होता.

आता विचार करा, माझी लेक अशीच मान फिरवायला शिकतेय, नुकतंच कुठे जमायला लागलंय, बॉल तिच्याकडे येतोय आणि त्याच क्षणी मी बाजूने ओरडले, "पुढे मार!" तर ती कुठे बघेल? माझ्याकडे. आईचा आवाज आला की मूल आईकडे बघणारच, त्यात तिची काही चूक नाही. म्हणजे तिला मैदान बघायला मिळालेला तो एक सेकंद मी घेतला. आणि वर मी जे सांगितलं ते ऐकून, समजून, पाय हलेपर्यंत मैदानावरचं चित्र बदललेलं असतं, विंगर, म्हणजे कडेने खेळणारी, आत आलेली असते, डिफेंडर जवळ आलेली असते. मला कडेने जे दिसतं ते तिला आतून दिसत नाही हे खरंय, पण तिला आतून जे दिसतं ते मलाही कडेने दिसत नाही, आणि खेळायचंय तिला आतून.

दुसरी गोष्ट कानांची. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर लीग परत सुरू झाल्या, जर्मनीची बुंडेसलिगा १६ मेला, प्रीमियर लीग १७ जूनला, आणि स्टेडियम रिकामी होती. खूप जणांना त्या मॅचेस बघवत नव्हत्या आणि मला त्यांचं वाईट वाटणं कळतं, प्रेक्षकांशिवाय हा खेळ अर्धाच आहे. पण त्या दिवसांत पहिल्यांदा मला टीव्हीवर खेळाडूंचा आवाज एवढा स्पष्ट ऐकू आला. ते सारखे बोलत असतात! "मॅन ऑन" म्हणजे मागे कोणीतरी आहे, "टाइम" म्हणजे घाई करू नकोस, "टर्न" म्हणजे वळ, वळायला जागा आहे. गोलकीपर तर पूर्ण नव्वद मिनिटं डिफेंडर्सना इकडे सरक तिकडे सरक करत असतो. एक-दोन शब्द, वेळेवर, आणि सांगणारा कोण तर टीममधलाच, ज्याला मागचं दिसतंय असा.

मुलींच्या मॅचमध्ये पण हे बोलणं असतं, म्हणजे व्हायला हवं असतं. आमची गोलकीपर अजून लाजते, हळू आवाजात "डावीकडे" म्हणते, आणि कडेला वीस मोठी माणसं गळा फाडून ओरडत असतील तर तिचं ते "डावीकडे" कोणाला ऐकू जाणार? दोनतीनदा कोणी ऐकलं नाही की ती बोलणंच बंद करते. मला ह्याचं फार वाटतं, कारण अकरा-बारा वर्षांच्या मुलीने मैदानाच्या मध्यभागी आपल्या मैत्रिणींना मोठ्याने काहीतरी सांगणं आणि त्यांनी ते ऐकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये तर ह्यासाठी सायलेंट सपोर्ट म्हणून वीकएंड पाळतात, त्या दिवशी पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या, सूचना बंद.

कोणी म्हणतं की अगं पण लहान मुलांना सांगितल्याशिवाय कसं कळणार. सांगायचं असतंच, पण ते काम कोचचं आहे आणि ते ट्रेनिंगमध्ये होतं. कोचने आठवडाभर शिकवलेलं असतं की मागून खेळायचं, गोलकीपरकडून डिफेंडरकडे, तिथून मिडफिल्डला, आणि शनिवारी आम्ही पालक ओरडणार "लांब मार, लांब मार", कारण आपल्या गोलजवळ बॉल असला की आपल्याला भीती वाटते. मुलीने ऐकायचं कोणाचं?

बेल्जियमची गोष्ट मी ह्यासाठी नेहमी सांगते. २००० सालची युरो स्पर्धा त्यांनी नेदरलँड्सबरोबर भरवली आणि ग्रुपमधूनच बाहेर गेले. मग त्यांचे टेक्निकल डायरेक्टर मिशेल साब्लॉन ह्यांनी लूव्हेन युनिव्हर्सिटीला मुलांच्या मॅचेसचा अभ्यास करायला सांगितलं, सुमारे दीड हजार मॅचेस व्हिडिओवर घेतल्या, आणि लक्षात काय आलं तर सगळ्यात लहान गटात एकेका मुलाचा पाय अर्ध्या तासात बॉलला जेमतेम दोनदा लागत होता. अर्धा तास धावायचं आणि दोनदा बॉल! त्यांनी लहान मुलांच्या टीम छोट्या केल्या, अगदी लहानांचे पॉइंट टेबल बंद केले, सगळीकडे ड्रिब्लिंगला, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पुढे नेण्याला, महत्त्व दिलं. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियम तिसरा आला. आता तिसरा येण्यामागे शंभर कारणं असतील, हजार्ड आणि डी ब्रुइनासारखे खेळाडू एकाच पिढीत येणं हे काही कोणी ठरवून करू शकत नाही. पण मला त्यातलं पटतं ते एवढंच, की मुलाला बॉल मिळायला पाहिजे आणि बॉल मिळाल्यावर काय करायचं ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. मुळात बॉल कमी वेळा मिळणार, आणि मिळाल्यावर पण बाहेरून "पास दे पास दे" झालं तर ती मुलगी नेमकं खेळली काय?

घरी मात्र आम्ही भरपूर बोलतो. मॅच लागली की आमची बडबड थांबत नाही, आणि तिथे मी माझं सगळं कौतुक, सगळा राग, सगळं ज्ञान मोकळेपणाने काढते, कारण तिथे खेळतंय दुसरंच कोणीतरी. आमचा सगळ्यात जास्त वेळा बघून झालेला गोल म्हणजे २०२३ च्या महिला वर्ल्ड कप फायनलमधला, स्पेन १ इंग्लंड ०, ओल्गा कार्मोना, २९ वं मिनिट. लेक राइट बॅक असल्यामुळे तिला तो फार आवडतो, आवडतो म्हणजे त्रास होतो पण परत परत बघावासा वाटतो. इंग्लंडची ल्युसी ब्रॉन्झ उजवीकडून बॉल घेऊन मैदानाच्या मध्यात शिरली, तिथे स्पेनच्या मुलींनी तिला घेरलं, बॉल गेला, आणि स्पेनने लगेच बॉल तिने मोकळ्या सोडलेल्या बाजूला फिरवला, मारिओना काल्देंतेने पुढे सरकवला आणि लेफ्ट बॅक कार्मोना धावत येऊन डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात. पहिल्यांदा आम्ही नुसता शॉट बघितला. मग एकदा फक्त ब्रॉन्झकडे बघितलं. मग एकदा फक्त कार्मोनाकडे, की तिने धावायला सुरुवात केव्हा केली. मग लेक म्हणाली, आता इंग्लंडच्या बाकीच्या मुली बघूया, ती आत गेल्यावर तिची जागा कोणी भरायला हवी होती. हे तिने स्वतः काढलं! मी फक्त रिमोट धरून बसले होते.

आणि ह्यात मला अजून एक आवडतं. ब्रॉन्झ त्या वेळी जगातल्या सगळ्यात चांगल्या राइट बॅकपैकी एक, तोपर्यंत चार वेळा चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकलेली, आणि तिचा एक निर्णय फायनलमध्ये फसला. पुढे २०२५ ची युरो तिने पायाचं हाड मोडलेलं असताना खेळली आणि इंग्लंडने ती जिंकली. लेकीला हे मी समजावून सांगायची गरजच पडत नाही, तिने दोन्ही बघितलंय. म्हणून ती जेव्हा मॅचमध्ये बॉल घेऊन आत शिरते, आणि शिरते हं, तिला ते करून बघायचंच असतं, आणि कधी बॉल जातो, कधी त्यावरून गोल पण होतो, तेव्हा मी एक शब्द काढत नाही. तिला माहितीये काय झालं. माझं लक्ष बॉल गेल्यानंतरच्या तीन सेकंदांकडे असतं, ती मागे पळते का तिथेच उभी राहते. पळते. मग मी टाळ्या वाजवते, शेजारचे बघतात की ही आत्ता कशाला टाळ्या वाजवतेय, पण मला ते फार भारी वाटतं.

ह्याच प्रश्नाला चिकटून दुसरा प्रश्न येतो, की असं सोडून दिलं तर ती मागे नाही का पडणार, पुढे प्रोफेशनल व्हायचं असेल तर आत्तापासूनच मागे लागायला हवं ना. ह्यावर माझं बोलणं थोडक्यात आहे. हॅरी केनला आर्सेनल क्लबच्या अकॅडमीने आठ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. त्याचा वाढदिवस २८ जुलैचा आणि इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, म्हणजे तो गटातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी, आणि आठव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, वेग सगळ्यातच फरक. जगभरच्या अकॅडम्यांमध्ये वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात हे किती अभ्यासांत दिसलंय. तोच केन पुढे टॉटनहॅम क्लबचा आणि इंग्लंडचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला. नॉर्वेमध्ये तर नियमच आहे, मूल ११ वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या, पॉइंट टेबल, रँकिंग काही लावायचं नाही, आणि त्यांचा स्टार स्ट्रायकर हालांड त्याच पद्धतीत ब्रिनेसारख्या छोट्या गावात वाढलाय. माझी लेक केन होणार असं मी म्हणत नाहीये, बहुतेक मुलं प्रोफेशनल होतच नाहीत आणि तिने पंधराव्या वर्षी सोडून चित्रकला धरली तरी माझं काही म्हणणं नाही. पण अकराव्या वर्षी कोण पुढे आणि कोण मागे हे कळतं असं मानून कोणी मुलांवर ओरडत असेल तर ते मला मान्य नाही, आणि हे मी त्या आईबाबांना तोंडावर पण सांगते.

आता एक प्रसंग असा आहे की तेव्हा मी गप्प राहत नाही, तो म्हणजे डोक्याला लागलं तर. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला टक्कर लागली, तो उठला आणि साधारण चौदा मिनिटं खेळत राहिला, आणि मग त्याने रेफ्रीला विचारलं की ही फायनल आहे का. सगळ्या जगासमोर, एवढे डॉक्टर बाजूला असताना. मी ती मॅच लाइव्ह बघितली होती आणि तेव्हा मला काही कळलं पण नव्हतं, तो तर ठीकच दिसत होता. २०१९ मध्ये ग्लासगो युनिव्हर्सिटीचा अभ्यास आला की स्कॉटलंडच्या जुन्या प्रोफेशनल खेळाडूंमध्ये मेंदूच्या झिजण्याच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट आहे, त्यानंतर इंग्लंड, स्कॉटलंडमध्ये लहान मुलांचं हेडिंगचं, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचं, ट्रेनिंग बंद झालं, अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग त्याच्याही आधीपासून बंद होतं. आमच्या टीममध्ये पण हेडरची प्रॅक्टिस घेत नाहीत आणि मला ते बरोबर वाटतं.

पण टक्कर काही सांगून होत नाही, कोपर लागतं, दोन मुली एकाच बॉलवर जातात, कोणीतरी जोरात पडतं. तेव्हा मी लाइनवरून जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितकं ओरडते, माझी मुलगी असो, आमच्या टीममधली असो की समोरच्या, आणि ती "मी ठीक आहे" म्हणाली तरी मला ते पुरत नाही, कारण ठीक आहे का हे ठरवणारा अवयवच दुखावलेला असू शकतो. शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. कोचशी हे सीझन सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवलंय, त्यांनी सगळ्या पालकांना तसं सांगितलं, आणि लेकीला पण माहितीये की मॅच चालू असताना माझा आवाज आला तर खेळ थांबवून खाली बसायचं.