साराजेव्हो आणि ‘म्हणून’

‘आर्चड्यूक फ्रान्सिस फर्डिनंड यांची साराजेव्हो येथे हत्या झाली म्हणून पहिले महायुद्ध सुरू झाले.’ मुंबईत शाळा कुठलीही असो, बोर्ड कुठलंही असो, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात हे वाक्य हमखास भेटतं. नाव बरोबर, गाव बरोबर. चुकला आहे तो ‘म्हणून’. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीच्या या वारसाची हत्या झाली २८ जून १९१४ ला आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले ३७ दिवस त्या एका शब्दाने गिळून टाकले. मग गुण कापले जातात आणि घरी तक्रार येते, ‘सगळं तर लिहिलं होतं!’

इतिहासाची वही वेगळी, मराठीची वेगळी, दोन्हींचे क्लासही वेगळे, ही आपली पद्धत. माझं म्हणणं असं की युरोपचा इतिहास आणि भाषेतलं उपयोजित लेखन एकाच बैठकीला घ्यावं. इतिहासाचं उत्तर बऱ्याचदा माहिती कमी म्हणून पडत नाही, दोन घटना जोडणारा शब्द चुकीचा पडल्यामुळे पडतं. आणि बातमी, अहवाल, सारांश हे लेखन पोकळ वाटतं कारण मुलांकडे सांगायला काही नसतं. शाळेतल्या वृक्षारोपणाचा अहवाल माणूस किती वेळा लिहिणार?

तर १९१४ पासूनच सुरुवात करू. ए-फोर कागद तीनदा दुमडून फाडला की आठ चिठ्ठ्या होतात, आणि आपल्याला आठच हव्यात. २८ जून, हत्या. ५-६ जुलै, जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला दिलेला बिनशर्त पाठिंबा. २३ जुलै, ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता. २८ जुलै, ऑस्ट्रियाची सर्बियाविरुद्ध युद्धघोषणा. ३० जुलै, रशियाचा संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा आदेश. १ ऑगस्ट, जर्मनीची रशियाविरुद्ध युद्धघोषणा. ३ ऑगस्ट, फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्ट, जर्मन सैन्य बेल्जियममध्ये आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात. चिठ्ठीवर तारीख आणि चार-पाच शब्द, बस. वाक्य लिहायचं नाही, कारण वाक्य लिहिलं की ते पाठ होतं आणि काम तिथेच थांबतं.

चिठ्ठ्या पिसायच्या आणि टेबलावर क्रमाने लावायच्या. हे पाच मिनिटांत जमतं. खरं काम पुढे आहे: शेजारच्या प्रत्येक दोन चिठ्ठ्यांमध्ये एक वाक्य, आधी तोंडी. आठ चिठ्ठ्या म्हणजे सात वाक्यं, आणि त्या सातांत ‘म्हणून’ एकदाच वापरायचा. ही अट घातली की मूल अडतं. जिथे अडतं तिथेच पुस्तक उघडायचं.

पहिली अडचण जुलैमध्ये येते. खून होऊन जवळजवळ चार आठवडे ऑस्ट्रिया गप्प का? एक तर बरेच सैनिक पिकांच्या कापणीसाठी रजेवर होते. दुसरं, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे २३ जुलैपर्यंत रशियाच्या भेटीवर होते आणि त्या दोघांना समोरासमोर बसून ठरवायची संधी ऑस्ट्रियाला द्यायची नव्हती. म्हणजे इथे ‘म्हणून’ नाही, ‘तोपर्यंत’ हवा. पुढचा सांधा: सर्बियाने खलित्यातल्या बहुतेक मागण्या मान्य केल्या, ‘तरीही’ युद्ध पुकारलं गेलं. हा ‘तरीही’ उत्तरात आला की तपासणाऱ्याला कळतं, मुलाला ऑस्ट्रियाचा हेतू समजला आहे. त्यापुढे सगळ्यांत अवघड जागा: भांडण रशियाशी, मग जर्मनी फ्रान्सवर का चालून गेली? कारण तिची युद्धयोजनाच तशी होती. दोन आघाड्यांवर एकदम लढायचं नाही, रशिया सावकाश तयार होईल तोवर फ्रान्सला सहाएक आठवड्यांत बेल्जियममार्गे गारद करायचं. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन कराराने ब्रिटनसह बड्या सत्तांनी दिलेली होती. इथे मात्र ‘म्हणून’ खुशाल लिहावा. सातांतला तो एक इथे खर्च होतो. ब्रिटनला जर्मनीच्या वाढत्या ताकदीची धास्ती आधीपासून होतीच, पण ती मूलभूत कारणांत जाते. बेल्जियम हे तात्कालिक कारण. हे दोन शब्द पाठ्यपुस्तकात असतात, मुलांना त्यांची व्याख्याही येते, पण चिठ्ठ्या हाताने हलवल्याशिवाय फरक बोटांत उतरत नाही.

हाच घोटाळा प्रबोधनाच्या पाठात होतो, आणि तिथे तो जास्त खोल आहे. ‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, म्हणून ग्रीक विद्वान इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झाले.’ वाक्य गोळीबंद, पण तारखा ऐकत नाहीत. प्रबोधनाचा अग्रदूत मानला जाणारा इटालियन कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला. फ्लॉरेन्समध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आलेला विद्वान मॅन्युएल क्रिसोलोरास १३९७ पासून ग्रीक शिकवत होता. तिथल्या कॅथीड्रलचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. १४५३ ने आधीच पेटलेल्या चुलीत लाकूड घातलं, चूल पेटवली नाही. म्हणून ‘सुरू झाले’च्या जागी ‘चालना मिळाली’. दोन शब्द बदलले आणि उत्तर बरोबर झालं. नवे सागरी मार्ग शोधण्याचं सगळं श्रेय १४५३ ला देण्याआधीही पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतलं स्यूटा बंदर १४१५ मध्ये घेतलं होतं, एवढं आठवावं.

आता भाषेची बाजू. बातमीलेखनाला विषय द्यायचा १४ जुलै १७८९, पॅरिस. मथळा जास्तीत जास्त आठ शब्दांचा, खाली स्थळ आणि तारीख, पहिल्या परिच्छेदात चाळीसेक शब्दांत काय, कुठे, कधी, कोणी. दुसऱ्यात का आणि कसं. एकूण १२० शब्द, वेळ वीस मिनिटं. या बातमीत दोन चुका ठरलेल्या. पहिली: ‘कैद्यांना सोडवण्यासाठी जमावाचा बास्तीलवर हल्ला.’ तुरुंगात त्या दिवशी कैदी सातच होते. लोकांनी सकाळी आंव्हालीद या जायबंदी सैनिकांच्या निवासातून हजारो बंदुका उचलल्या, पण दारू नव्हती. दारू होती बास्तीलमध्ये. आणि बंदुका हव्याच कशाला होत्या? राजाने ११ जुलैला अर्थमंत्री नेकरला काढलं होतं, शहराभोवती फौजा जमत होत्या आणि पावाचे भाव भडकलेले होते. दुसरी चूक भाषेची, पण इतिहासाचीही: ‘फ्रेंच राज्यक्रांतीला आज सुरुवात झाली.’ त्या संध्याकाळचा बातमीदार हे लिहूच शकत नाही, पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. बातमीत फक्त त्या दिवसापर्यंतची माहिती, आणि विशेषणं शून्य. तोच प्रसंग मग अहवाल म्हणून लिहायला लावावा, तारीख २७ ऑगस्ट १७८९. आता ४ ऑगस्टला सरंजामी हक्क रद्द झाल्याचं आणि २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाल्याचं लिहिता येतं. बातमी आणि अहवाल यांतला फरक असा दोन कागद शेजारी ठेवले की दिसतो. व्याख्या घोकून तो दिसत नाही.

सारांशाचं गणित सोपं आहे: एक तृतीयांश. १२० शब्दांचा उतारा, ४० शब्दांचा सारांश. उतारा दोनदा वाचायचा, उदाहरणं आणि पुनरुक्ती पेन्सिलीने कंसात टाकायची, मग उतारा पालथा घालून लिहायचं. पालथा घातला नाही तर उताऱ्यातली चार वाक्यं उचलून एकापुढे एक ठेवली जातात आणि त्याला सारांश म्हटलं जातं. लिहून झाल्यावर शब्द मोजायचे. ५० भरले तर क्रियाविशेषणं आधी उडवा, नावं शेवटी. आणि उताऱ्यात नसलेलं आपलं मत आत घुसलंय का तेही बघा, कारण हुशार मुलं हटकून तिथेच गुण घालवतात.

नकाशाबद्दल एक इशारा. दुकानात मिळतो तो युरोपचा कोरा नकाशा आजचा असतो. त्यावर १९१४ रंगवायला घेतलं की मूल पोलंड रंगवून बसतं, जो १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर नकाशावरून गेला आणि १९१८ मध्ये परत आला. ॲटलसमधल्या १९१४ च्या नकाशावर बटर पेपर ठेवून सीमा पेन्सिलीने उतरवा आणि तो कागद आजच्या नकाशावर ठेवा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोटात आज किती देश आहेत ते मोजायला लावा. ‘जर्मनी’ हा शब्द १८७१ च्या आधीच्या उत्तरात आणि ‘इटली’ १८६१ च्या आधीच्या उत्तरात देश म्हणून आला तर लाल खूण.

शतकांचं तर विचारूच नका. अठरावं शतक म्हणजे १७०१ ते १८००, हे दहावीतही डगमगतं. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, कारण तिथे तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना होती आणि ती १३ दिवस मागे होती. लुई चौदावा, पंधरावा, सोळावा यांच्या तीन ओळी भिंतीवर लावा: १६४३ ते १७१५, १७१५ ते १७७४, १७७४ ते १७९२. विषय संपला.

भाषणाला मुलं घाबरतात ती वेळेमुळे. मराठीत सावकाश, ऐकू जाईल असं बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांना दोनशे ते अडीचशे. साडेतीनशे शब्द लिहून आणले की शेवट गाडी सुटल्यासारखा होतो. विषय पुन्हा इतिहासातलाच द्या, आणि मुंबईत तो शोधायला लांब जावं लागत नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. त्याने ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. एका रविवारी वसई रोडला उतरून किल्ला बघावा, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकेपर्यंतची गोष्ट तिथेच दोन मिनिटांत सांगायला लावावी, कागद न बघता. परत येताना वडापाव खाताना विचारावं, यातले पोर्तुगीज शब्द कुठले? बटाटा आणि पाव. घरी आल्यावर चावी, फीत, घमेलं शोधू द्या. वसाहतवादावरच्या निबंधाला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

वेळेचं म्हणाल तर चिठ्ठ्यांना चाळीस मिनिटं, दहा मिनिटं सुट्टी, मग त्याच घटनेवर वीस-पंचवीस मिनिटं लेखन. तीच चिठ्ठ्यांची गड्डी तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी परत काढायची. रबर बँड लावली की गड्डी खिशात मावते आणि लोकलच्या गर्दीतही चाळता येते. पुस्तक काढता येत नाही.

तपासताना दोन रंग. तारखा आणि नावांखाली निळी रेघ, जोडणाऱ्या शब्दांखाली लाल: कारण, तरीही, दरम्यान, परिणामी, म्हणून. दोन निळ्या रेघांमध्ये लाल दिसली नाही की तेवढीच वाक्यं परत लिहून घ्यायची, अख्खं उत्तर नाही.