शगारंव की शगरंव?

लिस्बनच्या भाड्याच्या घरात आले आणि दुसऱ्याच महिन्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. सकाळी नऊला प्लंबर दारात हजर. पाण्याचा मुख्य कॉक तळमजल्यावरच्या कपाटात, त्याची किल्ली मालकीणबाईंकडे. मी लगेच पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकला: ‘प्लंबर आले.’ अर्धा तास झाला तरी बाईंचा पत्ता नाही. फोन केला, तर त्यांनी वाचलं होतं, ‘प्लंबर येतील.’

‘आले’ लिहिताना शेवटी ए-एम, ‘येतील’ला ए-ओ, आणि त्या एच्या डोक्यावर लाटेसारखी खूण. उच्चार दोन्हींचा तोच, नाकातून येणारा ‘अंव’. कानाला जसं पटलं तसं मी लिहिलं आणि चुकीचा काळ निवडला. इथली शाळकरी मुलंही नेमकी याच जागी चुकतात, असं बाईंनी सांगितलं.

दोन दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी वहीत दोन्ही शब्द देवनागरीत लिहिले. आले: शगारंव. येतील: शगरंव. शेवट सारखाच, फरक आधीच्या गाच्या कान्याचा! पहिल्यात आघात ‘गा’वर पडतो, म्हणून तो मोकळा, दुसऱ्यात आघात शेवटावर सरकतो आणि ‘गा’ आखडून ‘ग’ होतो. मी इतके दिवस शेवटाकडे कान लावून बसले होते.

तोच काना पुढे आणखी एकदा कामी आला. ‘आम्ही बोलतो’ म्हणजे फलमुश, ‘आम्ही बोललो’ म्हणजे फलामुश. लिस्बनमध्ये भूतकाळातल्या त्या एवर तिरकी रेघ देतात. ब्राझीलमध्ये दोन्ही रूपं सारखीच लिहितात, आणि 1990च्या स्पेलिंग-कराराने ही रेघ पोर्तुगालमध्येही ऐच्छिक केली. मी ती कधीच गाळत नाही. आपल्या कानाला अ आणि आ जन्मापासून वेगळे ऐकू येतात. तो फरक कागदावर दिसत असेल तर का सोडायचा?

‘ते खातात’ या क्रियापदाच्या शेवटी ई-एम. वर्गात मी कितीतरी दिवस ओठ मिटून ‘म’ म्हणत होते. तिथे ‘म’ नाहीच, तो अनुस्वार आहे. मग गोव्यातल्या गावांची रोमन स्पेलिंगं आठवली. पेडणें, केपें, सांगें या तिन्ही नावांच्या शेवटी पोर्तुगिजांनी ई-एम लिहिलं ते कोकणीतला नाकातला एं दाखवायला. मराठीत 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि आपण पेडणे, केपे लिहू लागलो. इंग्रजी वाचणाऱ्यांनी मात्र त्या एमचा खराखुरा ‘म’ केला.

लिस्बनच्या तोंडी हा ई-एम ‘अंय’ असा येतो. खातात: कॉमंय. मी सावंतवाडीची, मला तो शिकायची गरजच नव्हती. संध्याकाळी आजी अंगणातून हाक मारायची, ‘खंय गेलंस?’ त्या ‘खंय’मधलाच हा अंय.