पाकिटाविना पिनकोड

दुपारी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यापाशी थांबा. टेम्पो भरून उभा असतो, ड्रायव्हर चहा पितोय आणि आतून कुणीतरी ओरडतंय, "अरे, पार्टीचा पिन सांग!" पत्रं यायची कधीच बंद झाली, पिनकोडला मात्र रिटायरमेंट नाही.

माल रस्त्यावर काढायचा तर जीएसटीचं ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतो. त्याचं पोर्टल अंतर मोजतं ते पिनपासून पिनपर्यंत. आलेल्या आकड्यात फार तर दहा टक्के वाढवता येतात. दोन्हीकडे वागळेचाच ४०० ६०४ असेल, तर १०० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. वागळेतल्या वागळेत एवढं फिरणार तरी कोण! घोळ होतो तो दुसरीकडेच. बिल निघतं ठाण्याच्या ऑफिसातून, माल भिवंडीच्या गोडाऊनमधून, आणि माल कुठून निघाला ते विचारणाऱ्या 'डिस्पॅच फ्रॉम'मध्ये सवयीने ऑफिसचाच पिन पडतो. बिलाच्या मुदतीचा हिशेब २०० किलोमीटरला एक दिवस असा. २०५ च्या जागी १९५ आले की ड्रायव्हरचा एक दिवस कापला. मग मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यायची धावपळ.

एक्सेलमध्ये पिन सॉर्ट करून डिलिव्हरीचा रूट लावणारे महाभागही असतात. ४०० ६१४ म्हणजे बेलापूर आणि ४०० ६१५ कासारवडवली. आकड्याने सख्खे शेजारी, मध्ये खाडी आणि अख्खं ठाणं! उलट बेलापूरच्या डोंगरापलीकडचं खारघर ४१० २१०. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात, रस्ता नाही. एक बरं, आपला पिन शून्याने सुरू होत नाही. त्यामुळे एक्सेल निदान पुढचा आकडा तरी गिळत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकरांची. माणूस संस्कृतचा कवी! आरोग्यविम्याच्या हप्त्याचा झोन आपल्या सहा आकड्यांवरून ठरेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

आता २०२५ पासून पोस्टाचा डिजिपिनही आलाय. दहा अक्षर-आकडे, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. अचूक आहे, वाद नाही. फक्त घोडबंदरच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्याचा फ्लॅट आणि त्याच्या बरोबर खालचं किराणा दुकान, दोघांचा डिजिपिन एकच. पुढचं वॉचमन बघून घेईल.