उरलेल्या स्टेम सेलचा शोध घेताना

आयपीएस पेशींपासून, म्हणजे प्रौढ पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून, हृदयपेशी तयार करणं आमच्या गटाला जमलं होतं. डिशमध्ये त्या धडधडताना दिसायच्या. पण त्यांच्यात मूळ अवस्थेतल्या थोड्या जरी पेशी उरल्या, तरी रुग्णाच्या शरीरात त्यांची टेराटोमा ही गाठ होऊ शकते. त्या शोधायचं काम माझ्याकडे आलं.

ध्येय होतं दहा लाखांत दहा, म्हणजे 0.001 टक्का. इतक्या कमी पेशी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याच्या पद्धतीने, पकडणं फार कठीण. पीसीआर या जनुकीय चाचणीने जमतं, पण त्यासाठी पेशी फोडाव्या लागतात. म्हणून पेशी न फोडता इलेक्ट्रोडने विद्युतप्रवाह मोजायचं ठरवलं. अशा स्टेम सेलच्या पृष्ठभागावर अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम भरपूर असतं. पॅरा-अमिनोफेनिल फॉस्फेट हे रसायन दिलं की ते त्यातला फॉस्फेट तोडतं. मोकळ्या झालेल्या पॅरा-अमिनोफेनॉलचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होतं आणि प्रवाह मिळतो. एन्झाइमचा एकच रेणू हे पुन्हा पुन्हा करतो, म्हणून तर मोजक्या पेशींचाही माग लागण्याची आशा.

हृदयपेशींमध्ये मोजून स्टेम सेल मिसळल्या, तरी आलेख सपाटच. इलेक्ट्रोड बदलले, जोडण्या तपासल्या. चूक धुण्यात होती. सवयीने मी पेशी पीबीएसने, म्हणजे फॉस्फेट असलेल्या खारट द्रावणाने, धूत होते, आणि त्यातला फॉस्फेट हेच एन्झाइम अडवतो. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. तो खरा नमुना असता, तर मी तो निर्धोक ठरवला असता.

हेपेस हे फॉस्फेट नसलेलं बफर द्रावण घेतल्यावर उलटंच झालं. स्टेम सेल न घातलेल्या नळीतही प्रवाह! पेशी वाढवायच्या माध्यमातल्या सीरममध्येही (रक्तद्रवात) फॉस्फेटेज असतं. धुणं वाढवलं. अमिनोफेनॉल हवेत आणि उजेडात बिघडतो, म्हणून द्रावणं रोज ताजी केली, फॉइलमध्ये झाकली. मग हे एन्झाइम अडवणारं लेव्हामिसोल घातलं, तसा प्रवाह खाली आला. सिग्नल एन्झाइमचाच होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दहा लाखांत शंभर स्टेम सेल असल्या, तर सिग्नल स्पष्ट दिसला. दहाची नळी मात्र कधी कोऱ्या नळीपेक्षा वर, कधी तिच्याइतकीच. पिपेटने दहा घ्यायला जावं, तर कधी सात येतात, कधी तेरा. तीच चाचणी आठ वेळा केली, तरी खात्री देता येईना. अहवालात 'आढळल्या नाहीत' एवढंच लिहायला मी नकार दिला; त्यापुढे 'दहा लाखांत शंभरपेक्षा कमी असल्यास सांगता येत नाही' हे वाक्य घातलं.