मार्दोळ ते विठ्ठलापूर

आषाढ शुद्ध नवमीला पहाटे मार्दोळहून निघालो. पंधरा-वीस बायका, आठ-दहा पुरुष, एक वीणा, टाळांच्या चार जोड्या आणि काकीच्या डोक्यावर तुळस. पंढरपूरला पायी जायचं तर कितीतरी दिवस घर सोडावं लागतं, आणि ऐन लावणीच्या दिवसांत ते आम्हा बायकांना जमत नाही. म्हणून आमची वारी गोव्यातल्याच साखळीच्या विठ्ठलापूरपर्यंत, तिथल्या विठ्ठलाच्या देवळापर्यंत. फोंडा, खांडेपार, उसगाव, होंडा करत दोन दिवसांनी वाळवंटी नदीच्या काठी. सात वर्षं चालते आहे. यंदाची लिहून ठेवते आहे ती शापूरला भेटलेल्या एका म्हातारीसाठी.

फर्मागुडीचा उतार संपला आणि पाऊस कोसळला. शापूरच्या साफा मशिदीजवळच्या एका घराच्या पडवीतून एका म्हातारीची हाक आली, "आओ बेटा, अंदर आओ, भीगते कायकू?" आम्ही सगळ्याजणी आत शिरलो. पडवीतून मशिदीचा तलाव दिसत होता. चिऱ्यांनी बांधलेला, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. मशीद आदिलशाहीतली, 1560 ची. याच रस्त्याने मी कॉलेजला गेले, याच रस्त्याने नोकरीला जाते. थांबले मात्र कधीच नव्हते.

आमच्यातल्या एका मुलाने हळूच विचारलं, इथे कशाला थांबायचं? काकीने तुळस कठड्यावर ठेवली, पदर पिळला आणि म्हणाली, "बाबा, आपली म्हाळसा वेर्ण्याहून आली, मंगेश कुठ्ठाळीहून आला. तिकडे फिरंगी देवळं मोडत होते म्हणून देव उचलून इकडे आणले. तेव्हा हा अंत्रुज महाल, हा आपला फोंड्याचा मुलूख, कुणाचा होता? आदिलशहाचा. देव ज्याच्या मुलखात राहिले, तिथे आपण पावसाला आडोसा घ्यायचा नाही?" मंगेश इकडे आला तोही 1560 च्याच सुमारास. शाळेत हे दोन सन मी दोन वेगळ्या धड्यांत पाठ केले होते. ते एकमेकांशेजारी काकीने ठेवून दाखवले, चौथी शिकलेल्या काकीने.

पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. खुंटा हात लागून लागून काळा, गुळगुळीत झालेला. काकीची नजर त्याच्यावर गेली आणि म्हातारीने ती ओळखली. म्हणाली, अम्मा विजापूरकडची होती, लग्नात हे जातं घेऊन आली. मग एक पाय पसरून, एक दुमडून ती जात्यापाशी बसली. मूठभर तांदूळ घातले आणि खुंट्यावर बोट टेकवून म्हणाली, "ये क्या है मालूम? ये अलिफ है. अल्ला का पहला हरफ. इसको पकडे तो छोडना नै."

जातं फिरू लागलं. ती खालच्या आवाजात दख्खनीत गात होती. शब्द सगळे कळले नाहीत. फेरा पुरा झाला की "अल्ला" यायचं, तेवढं कळलं. तीन-चार फेरे झाले आणि काकी उठली, तिच्यासमोर बसली आणि तिच्या हाताच्या वर आपला हात खुंट्याला लावला. म्हातारी थांबली तिथून काकीने उचललं, "पहिली माझी ओवी गं..." जात्याची गती जराही बदलली नाही. पीठ पाळूच्या कडेने पांढऱ्या रेघेसारखं झरत राहिलं. दोघींच्या बांगड्या एकाच तालात वाजत होत्या, एकीच्या हिरव्या, एकीच्या लाल.

ते अलिफचं बोलणं त्या म्हातारीच्या मनचं नव्हतं. सतराव्या-अठराव्या शतकांत विजापूरकडच्या सूफींनी बायकांसाठी दळणाची गाणी रचली, त्यांना चक्कीनामे म्हणतात. आपला देहही एक जातंच आहे, जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्ला, आणि मधला आस म्हणजे महंमद, असं त्यांत समजावलेलं असतं. चरख्यावरचीही अशीच गाणी आहेत, चरखानामे. मोठमोठे ग्रंथ फारसीत होते. दळणाऱ्या बाईपर्यंत ते पोचणार नव्हते. मग तिच्या हातात रोज जे असतं त्यालाच नामस्मरण करून टाकलं. पहाटे दळता दळता झिक्र. आपल्या जनाबाईनेही दळताना विठ्ठलालाच हाक मारली आणि तो जात्याशी येऊन बसला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. दख्खनच्या बायकांना देव भेटला तो स्वयंपाकघराच्या बाजूने, पहाटेच्या काळोखात, घाम गाळताना, आणि तिथे त्याचं नाव काय घ्यायचं यावरून कुणी भांडायला येत नव्हतं. हे मी आधी वाचलं होतं. खुंट्यावरचे ते दोन हात पाहिले तेव्हा ते खरं वाटलं.

निघताना म्हातारीने काकीच्या पदरात जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेले उकडे तांदूळ घातले. "विठोबा को देना. ग्यारस को मत पकाना, उस दिन तुमारा रोजा रैता. दूसरे दिन." एकादशीला रोजा म्हणणारी बाई मी पहिल्यांदा भेटले, आणि मला तो शब्द अगदी योग्य वाटला.

मुक्काम उसगावात, एका देवळाच्या मंडपात. पेज, लोणचं, कुळथाची पिठी. जेवणं झाल्यावर बुवा कीर्तनाला उभे राहिले. दुपारचा प्रसंग त्यांच्या कानावर गेला होताच. त्यांनी श्रीगोंद्याचे शेख महंमद घेतले. कादरी परंपरेतले हे सूफी, 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ 1645 चा. स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवून हृदयात गोविंद असल्याचं सांगणारे. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि तेच जनार्दनस्वामींचेही गुरू असं परंपरा मानते. म्हणजे आमच्या एकनाथांचे आजेगुरू. बुवा म्हणाले, "वारकऱ्याने आपलं कूळ सांगताना हा पणजोबा गाळायचा नाही."

मग कीर्तनात देहूचे फकीर अनगडशहा आले. त्यांचा कटोरा कुणाच्या दारी भरेना. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं आणि तो भरून वाहिला. आजही तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती होते ती या अनगडशहांच्या दर्ग्यापाशी. दुपारी शंका काढणारा तो मुलगा माझ्या पुढ्यात बसला होता. तो काही बोलला नाही. शेवटच्या गजराला मात्र टाळ घेऊन उभा राहिला आणि दमेपर्यंत नाचला.

दुसरा दिवस कष्टाचा. म्हादई ओलांडली की खाणींचा मुलूख लागतो. तांबडा चिखल पायांना इतका चिकटतो की चप्पल हातात घ्यावी लागते. पावसात काकीने घोंगडीची खोळ केली होती. तिच्याकडे बघून मला इब्न बतूता आठवला आणि चालता चालता मी शेजारच्या मुलींना ती गोष्ट सांगितली. 1342 च्या सुमाराला तो सिंदाबूरला, म्हणजे आपल्या गोव्याला आला. इथून पुढे एका लहान बेटावर, पुष्कळ अभ्यासक ते अंजदीव मानतात, त्याला देवळाच्या भिंतीला टेकून दोन मूर्तींमध्ये बसलेला एक जोगी दिसला. बोलेना, पैसे घेईना. उंटाच्या केसांची आपली कांबळ मात्र त्याने पाहुण्याला देऊन टाकली. इब्न बतूताने जपमाळ दिली. जोग्याने ती हुंगली, तिचं चुंबन घेतलं, आधी आकाशाकडे आणि मग मक्केच्या दिशेला बोट दाखवलं. इब्न बतूताला वाटलं, हा लपून राहिलेला मुसलमान असावा. मुली विचारू लागल्या, मग खरं कोण होता तो? मी म्हटलं, मला तो जोगीही वाटतो आणि फकीरही, आणि दोघांत मला निवड करावीशी वाटत नाही. सूफ म्हणजे लोकर. कांबळ पांघरून हिंडणारा तो सूफी, असा या शब्दाचा एक अर्थ सांगतात. पुढे काकी घोंगडीतून टाळ वाजवत चालली होती.

होंड्याला चहा झाला. साखळीत शिरलो तेव्हा दिवस मावळत होता आणि वाळवंटीला गढूळ पाणी चढलं होतं. विठ्ठलापूरच्या मंडपात पाय ठेवला आणि नेहमीसारखं रडू आलं, ते मी थांबवत नाही. आम्ही एकादशी केली, रात्रभर जागर केला. बारशीच्या सकाळी पारण्याचा भात शिजवणाऱ्या बायकांकडे काकीने ते गाठोडं नेलं. कुणाचे म्हणून विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "शापूरच्या माझ्या बहिणीचे."

गाठ पावसाने घट्ट बसली होती. मीच ती दातांनी सोडवली. ओंजळभर तांदूळ होते, त्यांत एक तुळशीचं पान. ते कधी पडलं, काकीच्या डोक्यावरून की म्हातारीने घातलं, कोण जाणे. काकीने पान काढून घेतलं, कपाळाला लावलं आणि तांदूळ हंड्यात सोडले.