ढेप, कोंबडी आणि हिरवा बलक

पोळा होऊन आठवडा झाला असेल. अमळनेरच्या ज्या काकूंकडे माझी दर आठवड्याला तीस अंडी जातात, त्यांचा फोन आला. "ताई, अंडी खराब निघाली गं." हातातलं काम टाकून मी गाडी काढली. त्यांनी एक अंडं वाटीत फोडून ठेवलं होतं. वास अजिबात नव्हता, पण बलक शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट-तपकिरी. दहा-बारा दिवस फ्रिजमध्ये होतं म्हणाल्या. घरी येऊन त्याच दिवशीचं अंडं फोडलं, तर बलक पिवळाधमक. वाटी सोबत आणली होती, ती बघून आबा, म्हणजे माझे सासरे, एवढंच बोलले, "हाई काय शे?"

तालुक्याच्या पशुवैद्यांनी अंडं बघितलंही नाही, आधी विचारलं, "खायला काय घालतेस?"

खरं सांगितलं. सोयापेंड महागली म्हणून दोन महिने मी खाद्यात सरकीची ढेप, म्हणजे कपाशीच्या बियांचं तेल काढून उरलेली पेंड, मिसळत होते. आमच्याकडे शेतात कपाशी, गोठ्यात ढेप. गाय त्याच ढेपेवर दूध देते, मग कोंबडीला काय होणार, हा माझा हिशोब. तो चुकला.

सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. किडीपासून वाचायला कपाशीचं झाडच ते तयार करतं. गाईच्या मोठ्या पोटात चारा तासन् तास मुरतो, तिथे बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून निकामी होतं. लहान वासराचं ते पोट अजून तयार नसतं, म्हणून त्याला ढेप सोसत नाही. कोंबडीला तर असं पोटच नाही. दाणा गळ्याखालच्या पिशवीत भिजतो, पुढे त्यात पाचक रस मिसळतो, मग जाड स्नायूंच्या पोटात (गिझर्डमध्ये) खड्यांनी भरडला जातो आणि काही तासांत सगळं बाहेर. गॉसिपॉल मात्र आतड्यातून रक्तात आणि रक्तातून बलकात जातं. तिथे ते लोहाशी जुळतं आणि अंडं ठेवणीत पडलं की बलकाचा रंग बदलतो. म्हणून माझं ताजं अंडं चांगलं आणि काकूंचं हिरवं.

एवढ्यावरच थांबत नाही. आपल्याकडची बहुतेक ढेप सालासकट असते. तिच्यात प्रथिनं 22 टक्क्यांच्या आसपास, सोयापेंडीत 45च्या. वर ते साल कोंबडीला पचत नाही आणि गॉसिपॉल लायसिन या प्रथिनातल्या गरजेच्या घटकालाही धरून बसतं. म्हणजे पोट भरलेलं दिसतं आणि कोंबडी उपाशी. त्या दोन महिन्यांत अंडी घटली होती, मी दोष पावसाळी हवेला देत होते. याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या 140 कोंबड्या रोज सांगत होत्या, मी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून ढेप गोठ्यातच. बलक भरायला आठ-दहा दिवस लागतात आणि गॉसिपॉल अंगातही साठून राहतं, म्हणून तीन आठवडे एकही अंडं विकलं नाही. काकूंचे पैसे परत केले. आता मका भरडा, सोयापेंड, शिंपल्याचा चुरा आणि मिनरल मिक्श्चर, असं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने. मका घरचाच, पण ओला कोठीत जात नाही. बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, ते थेट यकृत धरतं. गच्चीवर वाळवते आणि दाणा दाताखाली कडक वाजला तरच भरते.

सकाळी खाद्य टाकायच्या आधी तुसावर वाकून विष्ठा बघते. तपकिरी आणि वर पांढरी टोपी, ती चांगली. मधूनच एखादी काळपट, चिकट, घाण वासाची दिसते, तिला नवीन पाळणारे घाबरतात. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते, दिवसातून दोन-चार वेळा चालायचंच. रक्त दिसलं तर मात्र मी थांबत नाही, तो कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग असू शकतो. पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस तर रोजच काढते, कारण त्याचे जंतू त्या ओलाव्यातच तयार होतात.

प्रत्येक आठवड्याची दोन अंडी आता फ्रिजच्या मागच्या कप्प्यात राहतात, वर पेन्सिलने तारीख. बारा दिवसांनी फोडते. काकूंकडे पहिली तीस पुन्हा गेली, तेव्हा अशी फोडलेली दोन वाटीत घालून सोबत नेली होती.